विषय नको, प्रसंग धरा: तत्त्वज्ञानाच्या गप्पा रेकॉर्ड करण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आहे, नोकरी बँकेत करतो. न्याय, सत्य, इच्छास्वातंत्र्य हे विषय साध्या माणसांच्या तोंडून यावेत, म्हणून मराठीत पॉडकास्ट सुरू करायचा आहे. तीन रेकॉर्डिंग करून पाहिली. एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं आत्मचरित्र झालं, एका निवृत्त शिक्षकांचं प्रवचन झालं आणि मित्राबरोबर बसलो तर भांडण झालं. विषयच जड आहेत म्हणून असं होतं का? सोपे विषय घ्यावेत का? भाग किती मिनिटांचा असावा, माईक कोणता घ्यावा?" सोबत कंडक्टरकाकांच्या गप्पांतला थोडा मजकूरही उतरवून दिला आहे. त्यामुळे माझं काम सोपं झालं.

मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते. नंतर स्वतंत्रपणे हेच करत आले: लोकांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन कापत बसायचं. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून पुढचं सगळं कारागिराचं बोलणं समजा. तुमच्या शास्त्रात कुठे गफलत दिसली तर ती तुम्ही दुरुस्त करून घ्यालच.

विषय जड नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत जाऊन बसा. तळमजल्यावरच्यांनी लिफ्टचा खर्च का द्यायचा, यावर दीड तास न्यायाचीच चर्चा चालते, आणि ती फार बारकाईने चालते. "मी तर कधी लिफ्टमध्ये पायही ठेवत नाही" म्हणणारे काका आणि "मग गच्चीच्या गळतीचे पैसे आम्ही तरी का द्यायचे" म्हणणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या काकू, दोघंही तत्त्व मांडत असतात. त्यांना कुणी 'न्याय' असा विषय दिलेला नसतो, एवढंच.

तुमची अडचण वेगळी आहे. तुम्ही माणसासमोर नाम ठेवता. "काका, तुमच्या मते न्याय म्हणजे काय?" असं विचारलं की समोरचा विचार करत नाही, आठवू लागतो. शाळेच्या भिंतीवरचा सुविचार आठवतो, कीर्तनातलं वाक्य आठवतं, किंवा काहीच आठवलं नाही तर तो ओळखीच्या रस्त्याला लागतो, म्हणजे स्वतःची हकिकत सांगू लागतो. प्रवचन आणि आत्मचरित्र ही दोन्ही त्याच एका प्रश्नाची पोरं आहेत. त्यात त्या शिक्षकांचा दोष नाही आणि कंडक्टरकाकांचाही नाही.

यावर तुम्ही म्हणाल, सॉक्रेटिससुद्धा व्याख्याच मागतो. मागतो, पण कधी? प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात युथिफ्रो न्यायालयाबाहेर भेटतो तो स्वतःच्या बापावर खटला भरायला आलेला असतो. एक मजूर बापामुळे मेला, म्हणून मुलगा बापाला कोर्टात खेचतोय आणि हेच धर्माचं काम आहे अशी त्याची खात्री आहे. "धर्माचं म्हणजे काय रे?" हा प्रश्न त्यानंतर येतो. त्या प्रश्नाला धार आहे ती आधीच्या खटल्यामुळे. तुम्ही खटला गाळून थेट व्याख्येवर गेलात.

आता तुमच्या रेकॉर्डिंगकडे येऊ. काका सांगतात: रात्रीची शेवटची गाडी, एक म्हातारी बसली, पैसे कमी पडले. खाली उतरवलं तर ती रात्रभर स्टँडवर. काकांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून तिकीट फाडलं. मग ते म्हणतात, "फुकट नाही नेलं हां, तिकीट फाडलं." यावर तुम्ही म्हणालात, "वा, केवढी माणुसकी! मग एसटीत तुम्ही लागलात कधी?" झालं. गाडी तिथून निघाली ती थेट त्यांच्या जन्मगावी जाऊन थांबली.

"फुकट नाही नेलं हां." ही चार शब्दांची पुरवणी त्यांनी स्वतःहून का जोडली? शेवटची गाडी होती, तपासणी पथक येण्याची शक्यता कमी, म्हातारीला तशीच बसवली असती तरी कुणाला कळलं नसतं. म्हणजे त्यांच्या मनात एक रेघ आहे: महामंडळाच्या पैशाने दानशूर व्हायचा मला हक्क नाही, माझ्या पैशाने आहे. ही साधी गोष्ट नाही. कुणी कशाच्या जिवावर उदार व्हावं, हा मोठा प्रश्न आहे आणि त्यांनी तो एका तिकिटात सोडवून टाकलाय. त्यांना तो सोडवलाय हे माहीतही नाही. तुमचं काम तिथे थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय करायचं? प्रसंग तोच ठेवायचा आणि त्यातली एकच गोष्ट बदलून पाहायची. एका वेळी एकच. "तिच्या जागी पंचविशीतला पोरगा असता आणि त्याचे तेवढेच पैसे कमी पडले असते, तर?" बहुतेक काका म्हणतील, त्याला उतरवला असता. मग विचारा, का? वय? तो चालत जाऊ शकतो म्हणून? की पोरगा खोटं बोलत असेल असं वाटलं असतं? प्रत्येक उत्तराने पुढचा बदल सुचतो. "तीच म्हातारी रोज आली असती तर?" इथे पगाराची मर्यादा येते, आणि मर्यादेबरोबर हेही येतं की एकदा केलेली दया दुसऱ्या दिवशी अपेक्षा होते. "त्याच गाडीत मागे आणखी एक म्हातारी होती आणि तुमच्या खिशात एकीपुरतेच पैसे होते, तर?"

आणि एक बदल तर इतिहासानेच करून ठेवलाय. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. तेव्हा काकांना विचारा: "ती आजी आज पंचाहत्तरीची असती तर तिला पैसेच पडले नसते. मग त्या रात्री तुम्ही केलेत ते उपकार होते, की तो तिचा हक्कच होता आणि नियमाला तो कळायला उशीर झाला?" मला खात्री आहे, इथे ते गप्प होतील. मला त्यांचं उत्तर माहीत नाही, तुम्हालाही नाही. ज्या क्षणी पाहुणा, तुम्ही आणि ऐकणारा असे तिघंही उत्तर माहीत नसलेले एका जागी येतात, तिथे तुमचा पॉडकास्ट सुरू होतो.

एक बदल करून पाहण्याची ही युक्ती माझी नाही, तुमच्याच लोकांची आहे. फिलिपा फूट या तत्त्ववेत्तीने १९६७ साली सुटलेल्या ट्रामचं कोडं मांडलं (रुळावरचे पाच जण मरू द्यायचे, की ट्राम वळवून दुसऱ्या रुळावरच्या एकाला मारायचं?), तेव्हापासून जगभरच्या वर्गांत ती ट्राम धावते आहे. पण ते कोडं उचलून कंडक्टरकाकांपुढे ठेवू नका. ते ट्रामच्या कळीपाशी कधी उभे राहिलेले नाहीत. ते कोडं सोडवल्यासारखं सोडवतील, "दोन्हीकडून पापच" म्हणतील आणि चहा मागवतील. स्वतःच्या गाडीत मात्र त्यांनी उभा जन्म काढलाय. तिथला पोरगा, तिथली म्हातारी त्यांना डोळ्यांसमोर दिसते. कल्पनेतला प्रसंग रचायचाच तर तो त्यांच्याच हकिकतीच्या कापडातून बेता.

आता दुसरी गोष्ट, जी पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे बोलणं बंद करणारी काही वाक्यं आहेत आणि ती नेमकी महत्त्वाच्या जागी येतात. "चालायचंच." "शेवटी ज्याचं त्याचं मत." "आपल्या हातात काय असतं?" "नशिबात होतं." नवा मुलाखतकार यांना उत्तर समजतो आणि पुढच्या प्रश्नावर उडी मारतो. ती उत्तरं नसतात. माणूस अवघड जागेपाशी आला की दार लोटून घेतो, त्याचा तो आवाज असतो. दार ढकलायचं नाही, पण किल्ली प्रत्येक वाक्याची वेगळी असते. "चालायचंच" म्हणाले की मी विचारते, "काय झालं असतं तर चाललं नसतं?" "ज्याचं त्याचं मत" आलं की विचारते, "तुमच्या मुलाचं मत उलटं असतं तर त्याला समजावायला गेला असता का?" बहुतेक जण म्हणतात, गेलो असतो. म्हणजे सगळी मतं सारखी, असं त्यांना वाटत नाहीच. "नशिबात होतं" याला मी सहसा हात लावत नाही. ज्यांच्या घरी काही वाईट घडून गेलंय त्यांचा तो आधार असतो, आणि एका भागासाठी कुणाचा आधार काढून घेणं मला पटत नाही. मात्र दुसऱ्याच्या गरिबीबद्दल बोलताना कुणी नशीब काढलं तर जरूर विचारते.

एक उदाहरण माझ्या कामातलं देते, कारण यात पद्धत नीट दिसेल. पाहुणी पन्नाशीची, शेती असलेल्या घरातली. वडील गेल्यावर तिने भावाच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा बदल केला होता. तरीही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणी सह्या करताना दिसतात. आम्ही त्या दिवशी बोलत होतो दुसऱ्याच विषयावर, सणवारांवर. भाऊबीजेचा उल्लेख आला आणि ती म्हणाली, "मी खुशीनं सही केली." कुणी विचारलं नव्हतं.

इथे दोन मोह होतात. पहिला, कार्यकर्त्याचा: "ताई, तुमच्यावर अन्याय झाला." दुसरा, गप्पिष्टाचा: "भाऊ चांगला आहे ना पण?" पहिल्याने ती बचावाच्या पवित्र्यात जाते, दुसऱ्याने भावाचं कौतुक सुरू होतं. मी एवढंच विचारलं, "ताई, खुशीनं दिलेलं आणि मन मारून दिलेलं, यातला फरक तुमचा तुम्हाला कशावरून कळतो?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाच्याच्या बारशाला गळ्यातली साखळी काढून दिली. ती कधी आठवत पण नाही. ही सही आठवते."

मग तिने स्वतःलाच खोडलं. "पण दबाव होता असंही नाही. मला कुणी एका शब्दानं काही म्हटलं नाही." आणि पुन्हा थांबून, "कुणी म्हटलं नाही म्हणूनच नाही म्हणता आलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हटलं असतं."

जबरदस्ती करणारा कुणी नसताना जबरदस्ती असू शकते का, संमती खरी केव्हा म्हणायची, यावर तुम्ही एम.ए.ला पानंच्या पानं वाचली असतील. ती बाई पाचवी शिकलेली होती आणि एका दमात तिने बाजू मांडली, खोडली, आणि पहिल्यापेक्षा बारीक करून पुन्हा मांडली. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त दोन्ही तिचेच. मी मध्ये बोलले असते तर यातलं एकही वाक्य आलं नसतं.

हे कशावर अवलंबून होतं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल प्रश्न चांगला होता म्हणून जमलं. आम्ही तिच्या माहेरी नव्हतो. खोलीत पुरुष कुणी नव्हतं. मी बाई आहे आणि वयाने तिच्याच आसपासची. भाऊ शेजारच्या खोलीत असता तर "खुशीनं" या शब्दापुढे गाडी गेली नसती. तुम्ही पुरुष आहात, शहरातून येता, बँकेत आहात. काही गप्पा तुमच्यापुढे होणारच नाहीत आणि ते गैर नाही. उलट कर्ज, उसनवारी, जामीन राहणं, शब्द पाळणं, याबद्दल लोक तुमच्याशी माझ्यापेक्षा कितीतरी मोकळं बोलतील. जामीन राहून फसलेल्या माणसाला मैत्रीबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ असतं. तिथून सुरुवात करा. हा तुमचा प्रांत आहे.

आता ते शिक्षक. ज्यांना आयुष्यभर उत्तरं द्यायची सवय झालेली असते, त्यांच्याशी अशा गप्पा कठीणच: शिक्षक, कीर्तनकार, डॉक्टर, वकील. त्यांना त्यांची तत्त्वं विचारू नका, तत्त्वाची किंमत विचारा. "खोटं बोलू नये, हे तुम्ही मुलांना शिकवलंत. त्यापायी तुमचं नुकसान कधी झालं? आणि कधी, हे जाऊ दे, असं वाटून बोललात का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं तर भाग झाला. आलं नाही तर चहा पिऊन या. प्रत्येक माणूस या कामाला योग्य नसतो, आणि चांगला माणूस असणं ही त्याची पात्रता नव्हे.

मित्राबरोबर भांडण झालं, त्याला तर आपल्याकडे जुनी नावं आहेत. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहायची ती वितंडा. मित्रांमध्ये जल्प फार लवकर सुरू होतो, कारण जुने हिशेब असतात. माझा नियम असा: पाहुण्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत त्याला परत सांगते आणि त्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पुढची शंका काढत नाही. यात एक मिनिट जातं. ऐकणाऱ्यालाही ते मिनिट हवं असतं, कारण त्याच्यासमोर पान नाही, मागे जाऊन वाचता येत नाही. छापील लेखात पुनरुक्ती खटकते, कानाला ती हवी असते.

मोठी नावं कुठे आणायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण एम.ए. झालेला माणूस ते विचारायचा राहणार नाही. माझं मत: गप्पांत नकोत. समजा पाहुणा सांगतोय, बाबांना कॅन्सर झाला होता आणि आम्ही त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आपल्याकडे दर तिसऱ्या घरात अशी गोष्ट निघेल. तिथे तुम्ही "कांट म्हणतो," असं सुरू केलंत की दोन गोष्टी होतात. पाहुण्याला वाटतं, आपली परीक्षा सुरू झाली. आणि ऐकणाऱ्याला मास्तर दिसतो. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ च्या निबंधात, मित्राच्या मागावरचा खुनी दाराशी आला तरी त्याच्याशी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, अशी टोकाची भूमिका घेतली आहे. ती तुमच्या डोक्यात जरूर असू दे, त्यातून चांगला प्रश्न सुचेल: "बाबांनी थेट विचारलं असतं, मला काय झालंय, तर?" न सांगणं आणि विचारल्यावर खोटं सांगणं, यात लोक फरक करतात का, हे त्या प्रश्नाने कळतं. पण नाव खिशातच ठेवा. पाहुण्याने स्वतःहून "नरो वा कुंजरो वा" काढलं तर मात्र धरा. ते त्याच्या घरातलं आहे. अश्वत्थाम्याच्या बातमीत युधिष्ठिर खोटं बोलला की नाही, यावर तो तुमच्याशी अर्धा तास बोलेल आणि बोलत असेल बाबांबद्दलच.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी भागाच्या शेवटी तुमच्या एकट्याच्या आवाजात दीड-दोन मिनिटं ठेवा: हा प्रश्न आधी कुणाला पडला, त्याने काय म्हटलं. पारिभाषिक शब्द अडला तर वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश आहे, तीन खंडांचा. त्यातून नेमका शब्द शोधा, आणि मग तो न वापरता तेच सांगता येतं का पाहा.

भाग किती मिनिटांचा, याला एकच उत्तर नाही. इंग्रजीत नायजेल वॉरबर्टन आणि डेव्हिड एडमंड्स यांनी २००७ साली 'फिलॉसॉफी बाइट्स' सुरू केलं. त्यात एक अभ्यासक, एक प्रश्न आणि पंधरा-वीस मिनिटं. बीबीसीवर मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात तीन प्राध्यापक आणि पाऊण तास. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत, कारण तिथले पाहुणे तयार विचार घेऊन येतात. तुमचा पाहुणा माईकसमोर पहिल्यांदा विचार करणार आहे. त्याला तापायलाच वीस मिनिटं लागतात. तासभर रेकॉर्ड करा, त्यातली पंचवीस-तीस मिनिटं उरतील. कमी उरली तर कमी द्या. लोक भांडी घासताना, लोकलमध्ये, दुचाकीवर ऐकतात. त्यांचं अर्धं लक्ष तुमच्याकडे असतं हे धरूनच कापा.

कापण्याबद्दल मात्र मी कडक आहे. "म्हणजे", "काय म्हणतात ते", खोकला, कुकरची शिट्टी काढून टाका. विचार करतानाचा विराम काढू नका. आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप आखडून टाकण्याची सोय असते. ती बंद ठेवा. त्या बाईचा विराम मी अर्धा केला असता, तर "ही सही आठवते" हे पाठ करून आलेलं वाक्य वाटलं असतं. कानाला विचार ऐकू येतो तो शब्दांच्या मधल्या जागेत. आणि एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली कधीही चिकटवू नका, मग ते कितीही शोभून दिसो. इथे माणसाने कोणत्या शंकेवर काय म्हटलं हाच माल आहे.

बोलीही सुधारू नका. पाहुणा "मला नाय पटत" म्हणाला तर ते तसंच जाऊ दे, आणि पुढच्या प्रश्नात तुम्ही "म्हणजे तुम्हाला हे ग्राह्य वाटत नाही" असं म्हणू नका. तुमची प्रमाण भाषा ऐकून तोही ताठ होतो आणि पुन्हा सुविचार सुरू. वयाने मोठ्या माणसाला काका, मावशी, आजी, जे घरात तोंडी येतं तेच म्हणा. 'सर' आणि 'मॅडम' ठेवलेत तर मुलाखत होते.

माईक. फार खर्च करू नका. कॉलरला लावायचे दोन साधे माईक, दोघांचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल). फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो विमान मोडवर. पैशांपेक्षा खोली महत्त्वाची: गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या, फरशीचा रिकामा हॉल नको. पंखा बंद. उन्हाळ्यात हे जमत नाही, मग सकाळी लवकर बसा. बोलणं सुरू करण्याआधी खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, जोड मारताना लागते. गोंगाट काढण्याचं यंत्र फार चालवलंत तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. त्यापेक्षा लांबून येणारा रिक्षाचा आवाज बरा. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवा, अॅपलचीही तीच शिफारस आहे. कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं.

पाहुण्याला आधी भेटा, पण आधीच सगळं बोलून टाकू नका. पहिल्या भेटीत मी फक्त हकिकत कुठे आहे ते हुंगते आणि निघते. दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट गुळगुळीत होते. कंडक्टरकाकांच्या बाबतीत तुमचं हे आता होऊन गेलंय, त्यामुळे त्यांना गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका. रेकॉर्डिंगमधलं ते वाक्य त्यांना ऐकवा आणि विचारा, "'फुकट नाही नेलं हां' असं का म्हणालात?" पुढचं नवीनच असेल. जुन्या रेकॉर्डिंगमधली हकिकत आणि नव्यातल्या गप्पा जोडून एक भाग होईल. फक्त दोन वेगळ्या दिवशी बोललोय, हे ऐकणाऱ्याला सांगा.

शेवटचं, परवानगी. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पाहुण्याच्या आवाजात संमती घ्या, आणि भाग बाहेर जाण्याआधी त्याला पूर्ण ऐकवा. एवढ्यावर भागत नाही, कारण अशा गप्पांत नेहमी तिसरा माणूस असतो: भाऊ, सासू, साहेब. त्याने संमती दिलेली नसते. नाव बदललं तरी गाव, पीक आणि भावंडांची संख्या यावरून तालुक्यात कुणीही ओळखतं. मी तपशील बदलत नाही, कारण मग हकिकत खोटी होते. मी तपशील काढते. किती काढायचे हे गाव केवढं, गोष्ट किती जुनी आणि तिसरा माणूस हयात आहे का, यावर ठरतं. इतके काढावे लागले की प्रसंगच उरला नाही, तर तो भाग ठेवून द्यावा लागतो. पाहुण्याने ऐकून "नको" म्हटलं तर कारण न विचारता ठेवून द्यायचा, हे आधीच सांगून ठेवा. म्हणून पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी निदान चार-पाच तयार असू द्या, आणि दर आठवड्याचं वचन देऊ नका. नोकरी सांभाळून महिन्याला दोन निघाले तरी पुष्कळ झाले.